शकावलीपुरता उरलेला देश

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. शाळेत असल्यापासून मी एक देश रचत आलो आहे. तो बेटांचा देश आहे. त्याचा नकाशा, राजघराणी, लढाया, स्वातंत्र्य, निवडणुका, वृत्तपत्रे, नभोवाणी, दूरचित्रवाहिन्या आणि चित्रपट हे सारे मी वर्षवार लिहून ठेवले आहे. अलीकडे मी त्याच देशाचा पर्यायी इतिहासही लिहू लागलो: परकीय आरमाराशी झालेल्या निर्णायक लढाईत बेटांचा पराभव न होता विजय झाला असता, तर पुढे काय घडले असते? परंतु अडचणी येत आहेत. मित्राला वही दाखवली, तर दोन पानांनंतर तो थांबला आणि कोष्टक वाचल्यासारखे वाटते म्हणाला. पर्यायी इतिहासात तर त्याला काहीच रस वाटला नाही. विजयानंतरचा इतिहास लिहायला घेतला की त्याचे आपोआप सुवर्णयुग होते, जे मलाच पटत नाही. एक गोष्ट बदलली की मागचे सगळे बदलावे लागते आणि मी खाडाखोड करत बसतो. त्यात मी तयार केलेले या देशाच्या वृत्तपत्राचे एक पान मित्राने पुढे पाठवले आणि काही जणांनी ते खरे मानले. तेव्हापासून कोणाला काही दाखवण्याची धास्तीच वाटते. ताईचे म्हणणे असे की एवढा वेळ खऱ्या इतिहासाला दिला असता तर बरे झाले असते. हा नाद सोडावा का? देशाचे नाव कृपया छापू नये.

उत्तर

प्रिय वाचक,

सप्रेम नमस्कार. देशाचे नाव छापलेले नाही. पत्रासोबत पाठवलेली पाने मी सावकाश वाचली आणि माझे मत आधीच सांगते: हा नाद सोडू नका. तुमच्या अडचणी खऱ्या आहेत, परंतु कल्पनाशक्ती तोकडी पडल्यामुळे त्या आलेल्या नाहीत. कल्पना भरपूर आहे. ती कागदावर उतरवण्यासाठी तुम्ही लेखनाचा जो एकच प्रकार वापरला आहे, तो मात्र सर्व प्रकारांत कोरडा आहे.

तुमच्याजवळ आहे ती शकावली. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना तीन तऱ्हेच्या साधनांशी नेहमी काम पडते. शकावलीत घटना तिथीवार नोंदलेल्या असतात. बखर घटनेनंतर, पुष्कळदा कोणाच्या तरी सांगण्यावरून आणि कोणाची तरी बाजू राखून लिहिलेली असते. अस्सल पत्र मात्र त्या त्या दिवशी, समोर उभ्या राहिलेल्या कामासाठी लिहिलेले असते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचे खंड प्रसिद्ध करायला सुरुवात केली आणि बखरींतल्या हकिकती अस्सल पत्रांच्या कसोटीला लावल्या, तेव्हा इतिहासाचे चित्र अधिक अचूक झाले, आणि अधिक जिवंतही झाले. कारण पत्र लिहिणाऱ्याला आपण इतिहास लिहीत आहोत याची जाणीव नसते. त्याला उसने पैसे हवे असतात, बैल पोहोचले की नाही हे कळवायचे असते, किंवा आपल्यावरचा ठपका दुसऱ्यावर ढकलायचा असतो.

पानिपतच्या संहाराची बातमी पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, असे सांगतात. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि चांदी-तांब्याची तर गणतीच करता येत नाही, अशा आशयाचा तो निरोप होता. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ हे ते दोन मोती, सरदार या मोहरा, आणि ज्यांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत ते हजारो शिपाई म्हणजे तो खुर्दा. एवढा मोठा अनर्थ हिशेबाच्या भाषेत सांगितला गेला, कारण लिहिणाऱ्याला तीच भाषा सवयीची होती आणि वाटेत पत्र उघडले जाण्याची भीती होती. याच प्रसंगाची शकावलीतली नोंद एका ओळीची असते आणि ती वाचून कोणाच्याही पोटात खड्डा पडत नाही.

तुमच्या वहीतली एक नोंद घेऊ. एका वर्षापुढे तुम्ही लिहिले आहे: "बोटवाहतूक कामगारांचा संप; सरकार पडले." आता त्याच आठवड्यात राजधानीच्या दैनिकाने छापलेले हे निवेदन पाहा: "दक्षिण बेटांवरील वर्गणीदारांस कळविण्यात येते की, बोटी बंद असल्याकारणाने मंगळवार ते शनिवारचे अंक एकत्रित पाठविण्यात येतील. शब्दकोड्याची उत्तरे पाठविण्याची मुदत आठ दिवसांनी वाढविण्यात आली आहे. औषधांच्या जाहिराती ज्यांनी आगाऊ पैसे भरून दिल्या आहेत, त्यांनी व्यवस्थापकांस समक्ष भेटावे." या तीन वाक्यांत संपावर एकही टिप्पणी नाही. तरी दक्षिण बेटांवर बातमी शिळी होऊन पोहोचते, तिथला वाचक शब्दकोडे सोडवतो म्हणजे राजधानीची भाषा वाचतो, बेटांवर औषधे बाहेरून येतात आणि ती वेळेवर न आल्याने कोणाचे तरी नुकसान झाले आहे, एवढे सगळे वाचकाला आपसूक कळते. दक्षिणेतल्या साप्ताहिकाने त्याच दिवसांत काय छापले असेल? बहुधा संपाचे समर्थन, आणि खालच्या कोपऱ्यात तांदूळ कोणाकडे शिल्लक आहे याची यादी. तीस वर्षांनंतरच्या शालेय पाठ्यपुस्तकात मात्र एवढेच वाक्य उरेल की "या संपामुळे राष्ट्रीय ऐक्याची भावना दृढ झाली." ही तीन कात्रणे एकमेकांशी जुळत नाहीत आणि ती जुळवण्याचा प्रयत्न तुम्ही करू नये. त्यांच्यामधल्या फटीत वाचक स्वतः शिरतो आणि खरे काय घडले असेल याचा विचार करू लागतो. तुमचा मित्र दोन पानांनंतर थांबला, कारण त्याला विचार करायला तुम्ही काही शिल्लकच ठेवले नव्हते.

तुमच्या काल्पनिक माध्यमांनाही हेच लागू आहे. चित्रपटांच्या यादीत नाव, वर्ष, दिग्दर्शक आणि एका ओळीचे कथानक एवढेच आहे, आणि न बनलेल्या चित्रपटाविषयी आणखी काय लिहिणार, असा प्रश्न तुम्ही समासात विचारला आहे. याचे उत्तर आपल्या चित्रपटांच्या खऱ्या इतिहासातच आहे. अर्देशीर इराणी यांचा 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला आणि भारतातला पहिला बोलपट ठरला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. तरीही त्यात सात गाणी होती, फकिराच्या भूमिकेत वझीर महंमद खान यांनी गायले होते, हे आपल्याला ठाऊक आहे. छायाचित्रे आहेत, जाहिराती आहेत, लोकांनी लिहून ठेवलेल्या आठवणी आहेत. नष्ट झालेला चित्रपट आणि कधीच न बनलेला चित्रपट या दोहोंपर्यंत वाचक एकाच वाटेने पोहोचतो, ती म्हणजे त्यांनी मागे ठेवलेल्या खुणांची. तुम्ही चित्रपट रचू नका, त्याच्या खुणा रचा.

या खुणांमध्ये परीक्षण सर्वांत आधी सुचते. पोलिश लेखक स्तानिस्वाफ लेम यांनी तर १९७१ साली अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांच्या परीक्षणांचे अख्खे पुस्तकच प्रसिद्ध केले होते. तरी परीक्षणापेक्षाही बोलके कागद असतात. चित्रपटगृहाच्या मालकाने वितरकाला तिसरे रीळ तुटके आल्याबद्दल लिहिलेली तक्रार, नायिकेची वीस वर्षांनंतरची मुलाखत, किंवा अभ्यवेक्षण मंडळाचा, म्हणजे सेन्सॉर बोर्डाचा, आदेश. शेवटच्याचा एक नमुना देते: "चौथ्या रिळातील दीपगृहाचे दृश्य वगळावे. 'बोट आली नाही तर आपण पोहत जाऊ' हे नायकाचे वाक्य दक्षिणेकडील भाषेच्या आवृत्तीतून काढावे. राजधानीच्या भाषेतील आवृत्तीत ते ठेवण्यास हरकत नाही." या चित्रपटाचे कथानक मला माहीत नाही आणि तुम्हालाही अजून माहीत नसेल, परंतु हे सरकार कोणाला घाबरते ते दोघांनाही कळले. कथानक सुचायला आता फारसा वेळ लागणार नाही.

तुमच्या दूरचित्रवाहिन्यांविषयी माझा एक आक्षेप आहे. तुमच्या देशात दूरचित्रवाणी येते, रंगीत होते, खासगी वाहिन्या निघतात, आणि हे सगळे सरासरी देशात घडावे तसे ठरावीक क्रमाने घडते. खऱ्या देशांत माध्यमे इतकी आज्ञाधारक नसतात. दक्षिण आफ्रिका संपन्न आणि तंत्रज्ञानात पुढारलेला देश होता. तरी तिथे देशव्यापी दूरचित्रवाणी जानेवारी १९७६ मध्ये सुरू झाली, कारण या माध्यमाबरोबर येणारे इंग्रजी कार्यक्रम आणि विचार तिथल्या वर्णभेदी राजवटीला नको होते. आइसलँडमध्ये दूरचित्रवाणी १९६६ साली आली आणि १९८७ पर्यंत दर गुरुवारी तिचे प्रक्षेपण बंद असे. भूतानने १९९९ पर्यंत दूरचित्रवाणीला परवानगीच दिली नव्हती. विभागलेल्या जर्मनीत पूर्वेकडचे पुष्कळ लोक पश्चिमेकडच्या वाहिन्या घरात बसून पाहत; पण ड्रेस्डेनच्या परिसरात त्या लहरी पोहोचत नसत, म्हणून त्या भागाला 'अजाणांचे खोरे' असे नाव पडले. कागदी माध्यमांचे नशीबही असेच कायद्याने वळते. १८७८ साली लॉर्ड लिटन यांच्या सरकारने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदा आणला, तेव्हा 'अमृत बझार पत्रिका' या पत्राने बंगाली सोडून पूर्णपणे इंग्रजीत निघायला सुरुवात केली, कारण कायदा इंग्रजी पत्रांना लागू नव्हता. ब्रिटनमध्ये वृत्तपत्रांवरचा मुद्रांक कर १८५५ साली उठला आणि स्वस्त दैनिकांचा मार्ग मोकळा झाला.

म्हणून तुमच्या प्रत्येक वाहिनीला आणि वृत्तपत्राला तीन प्रश्न विचारा: याला पैसा कोण देतो, परवानगी कोण देतो, आणि हे कुठपर्यंत पोहोचते. बेटांच्या देशात तिसरा प्रश्न फार मोलाचा आहे. उत्तरेकडच्या डोंगरामुळे राजधानीचे प्रक्षेपण ज्या दोन बेटांवर पोहोचत नाही, तिथले लोक शेजारच्या देशाची नभोवाणी ऐकत असणार. त्यांची गाणी निराळी, क्रिकेट असो की फुटबॉल, त्यांचे आवडते खेळाडू निराळे, आणि निवडणुकीत त्यांची मतेही कदाचित निराळी. तुमच्या नकाशावर तो डोंगर आधीपासून आहे. त्याच्यामुळे काय काय अडले, एवढेच लिहायचे राहिले आहे.

आता पर्यायी इतिहासाकडे येते, कारण तुमच्या पत्रातला सर्वांत अवघड प्रश्न तिथे आहे. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना लागायची गोळी तीळभर अंतराने चुकते आणि पुढचा सारा इतिहास बदलतो. इतिहासाचे प्राध्यापक असलेल्या गंगाधरपंतांना हे कळते ते ग्रंथालयात बसून इतिहासाचे खंड आणि बखर वाचताना. म्हणजे तिथेही दुसरे जग वाचकासमोर येते ते त्या जगातल्या कागदांतून, आणि परत आल्यावर पुरावा म्हणून हाती उरते तेही बखरीचे एक पान. परंतु त्या तीळभर अंतराने मराठी वाचकाच्या अंगावर काटा येतो, याचे कारण कथेच्या बाहेर आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी गोळी चुकली नव्हती, हे त्याला लहानपणापासून माहीत असते, आणि त्या दिवसाची हळहळ त्याने भाषेबरोबरच उचललेली असते.

तुमच्या मित्राजवळ अशी हळहळ नाही. बेटांचे आरमार हरले, हेच त्याला दोन पानांपूर्वी कळले. ज्या पराभवाचे त्याला दुःख नाही, तो टळल्याचा आनंद त्याला कुठून होणार? खऱ्या देशाचा पर्यायी इतिहास लिहिणाऱ्याला मूळ इतिहास आयता मिळतो. काल्पनिक देशाचा पर्यायी इतिहास लिहिणाऱ्याला आधी मूळ इतिहासाची खंत वाचकाच्या मनात रुजवावी लागते. तुमच्या वहीत त्या लढाईचे वर्णन आहे. पण ती लढाई आठवणारे कोणीच नाही. तिचा स्मृतिदिन पाळतात का? त्या दिवशी नभोवाणीवर काय लावतात? बुडालेल्या जहाजांची नावे मुलांना ठेवतात का, की ती नावे अशुभ मानली जातात? एवढे ठरले की पराभवाला वजन येईल.

माझी मुख्य सूचना यापुढची आहे. पर्यायी इतिहास तुम्ही लिहू नका. तो तुमच्या देशातल्या माणसांना लिहू द्या. "त्या दिवशी आपण जिंकलो असतो तर" हा प्रश्न ज्यांना झोपू देत नाही ती माणसे त्या देशातच आहेत. निवृत्त आरमारी अधिकारी स्मृतिदिनाच्या विशेषांकात त्यावर लेख लिहील, नभोवाणी त्यावर श्रुतिका सादर करील, एखादी मालिका तिसऱ्या भागानंतर बंद पाडली जाईल. अशा रीतीने तुमची दोन्ही कामे, म्हणजे काल्पनिक माध्यमे आणि पर्यायी इतिहास, एकाच ठिकाणी येतील.

जगात हेच घडत आले आहे. रोमन इतिहासकार लिव्ही याने आपल्या इतिहासाच्या नवव्या पुस्तकात मध्येच थांबून विचारले की सिकंदर पश्चिमेकडे वळला असता तर काय झाले असते, आणि रोमच जिंकले असते असा निर्वाळा दिला; त्या पानांतून सिकंदरापेक्षा लिव्हीच्या काळचे रोमच अधिक समजते. नेपोलियनच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, १८३६ साली, लुई जोफ्र्वा या फ्रेंच लेखकाने नेपोलियन सारे जग जिंकतो असा इतिहास लिहिला. तो जिंकलेल्या देशाचा नव्हे, हरलेल्या देशाचा ग्रंथ आहे. विन्स्टन चर्चिल यांनी १९३१ सालच्या एका संग्रहात आणखी एक पाऊल पुढे टाकले. त्यांच्या निबंधाचा निवेदक अशा जगात राहतो, जिथे अमेरिकी यादवी युद्धात गेटिसबर्गची लढाई जनरल ली यांनी जिंकली आहे, आणि ते जिंकले नसते तर काय झाले असते, याचा तो विचार करतो. फिलिप के. डिक यांच्या १९६२ सालच्या कादंबरीत दुसरे महायुद्ध जर्मनी आणि जपान यांनी जिंकलेले आहे, आणि त्या जगातले लोक एक कादंबरी वाचतात जिच्यात दोस्त राष्ट्रे जिंकली आहेत. जर्मनांच्या ताब्यातल्या प्रदेशात तिच्यावर बंदी आहे. बंदी घातलेली ती कादंबरी म्हणजे तुमच्या भाषेत एक काल्पनिक माध्यमच आहे, आणि सारी गोष्ट तिच्याभोवती फिरते.

तुमच्या सुवर्णयुगाची अडचण इथेच सुटते. ते सुवर्णयुग निवृत्त आरमारी अधिकाऱ्याच्या नावावर करा. त्याच्या लेखात विजयानंतर सारी बेटे सुखी होतील, आणि पुढच्याच अंकात दक्षिणेकडून पत्र येईल की विजयी राजाने आमच्यावरचा जहाजकर कधी कमी केला असता, हे लेखकमहाशयांनी सांगावे. दक्षिणेचा पर्यायी इतिहास वेगळा असणार. परकीयांशी त्यांचा व्यापार होता, तेव्हा त्यांची हळहळ लढाई हरल्याची नसेल; राजधानीने आपल्याला त्या लढाईत ओढल्याची असेल. एकाच देशाचे असे दोन-तीन पर्यायी इतिहास परस्परांशी भांडू लागले की देशाची खरी वीण दिसते.

तरीही निर्मात्याने आपल्यापुरता एक कठोर हिशेब करून ठेवावा, म्हणजे पात्रांची स्वप्ने कुठे फसवी आहेत हे त्याला माहीत राहील. या हिशेबात आधी लढाईने न बदलणाऱ्या गोष्टी मांडा. वाऱ्यांची दिशा, गोड्या पाण्याची टंचाई, पिके, साथीचे रोग, भाषा आणि जुनी कर्जे यांपैकी काहीही एका दिवसात पालटत नाही. पानिपतावर विश्वासराव वाचले असते, तरी तुटलेली रसद, उपाशी सैन्य, उत्तरेतल्या राजेरजवाड्यांनी न दिलेली साथ आणि मोहिमांच्या खर्चाचे ओझे ही कारणे तिथेच उभी राहिली असती. विजयानंतर त्यांचा जाब दुसऱ्या कोणाला तरी द्यावा लागला असता. त्यानंतर त्या लढाईने लगेच बदलणाऱ्या गोष्टी: कोण जिवंत राहिले, कोणाला मान मिळाला, कोणते बंदर कोणाकडे गेले. आणि शेवटी नंतर जन्मलेली माणसे. काटेकोर विचार केला, तर इतिहास वळल्यावर पुढच्या पिढीतली तीच माणसे त्याच नावाने जन्मणार नाहीत. तुम्ही दोन्ही इतिहासांत तोच पंतप्रधान ठेवला आहे. ते चालेल की नाही, हा नियम तुम्ही ठरवायचा. परंतु एकदा ठरवला की सोयीसाठी मोडू नका, कारण वाचक नवलाईची गोष्ट मान्य करतो, लबाडी मान्य करत नाही.

खाडाखोडीविषयी थोडक्यात. तुमची शकावली खासगी ठेवा आणि ती हवी तेवढी बदला. पण एकदा कात्रण म्हणून लिहिलेले कधी खोडू नका. वर्ष चुकले असेल, तर वृत्तपत्र दुसऱ्या दिवशी चूकदुरुस्ती छापते, तशी छापा. दोन कागदांत विसंगती आढळली, तर कोणता कागद का खोटे बोलतो याचा शोध घ्या. तिथून नवे पान निघते. सगळे भरून काढण्याचीही गरज नाही. एमिली आणि ॲन ब्राँटे या इंग्रज लेखिका बहिणींनी गोंदाल नावाचे बेट रचले होते. त्याच्या गद्य हकिकती हरवल्या आणि मुख्यतः कविताच उरल्या, तरी अभ्यासक त्या कवितांवरून गोंदालची कथा आजही जुळवत बसतात.

याच घराण्याकडे पाहून ताईच्या आक्षेपाचेही उत्तर देता येईल. १८२६ साली वडिलांनी मुलासाठी लाकडी शिपाई आणले आणि त्या चार भावंडांनी त्यांच्यासाठी राज्ये वसवली. पुढे त्या शिपायांना वाचता येतील एवढी चिमुकली मासिके त्यांनी हाताने लिहून शिवली, अगदी जाहिरातींसकट. त्यांतल्या तिघी पुढे इंग्रजीतल्या थोर लेखिका झाल्या. रॉबर्ट सिल्व्ही यांनीही बालपणी स्वतःचा एक देश रचला होता. मोठेपणी त्यांनी बीबीसीचा श्रोतृ-संशोधन विभाग उभा केला, आणि निवृत्तीनंतर इतरांनी बालपणी रचलेल्या अशा जगांचा अभ्यास हाती घेतला. तुम्ही लेखकच व्हावे असे मी म्हणत नाही. या कामातून काहीही निष्पन्न झाले नाही, तरी ते करण्यासारखे आहे. मात्र ताईच्या म्हणण्यातले खरे तेवढे घ्या. तुमची पाने जिथे फिकी पडतात, तिथे खऱ्या कागदांचे वाचन कमी पडले आहे. जुन्या दैनिकांचे अंक ग्रंथालयात पाहायला मिळतात. त्यांतले अग्रलेख सोडा आणि जाहिराती, बाजारभाव, हरवले-सापडले, नभोवाणीचे कार्यक्रम वाचा. ताईलाही एक काम द्या: तिला तुमच्या काल्पनिक देशाच्या पाठ्यपुस्तकातला धडा दाखवून त्यातले खोटे शोधायला सांगा.

राहिला प्रश्न तुमचे पान खरे मानले जाण्याचा. 'द गार्डियन' या ब्रिटिश दैनिकाने १ एप्रिल १९७७ रोजी सान सेरिफ नावाच्या बेटराष्ट्रावर सात पानांची पुरवणी काढली होती. स्वातंत्र्याचा दहावा वर्धापनदिन, अर्थव्यवस्था, पर्यटन, नेत्यांची ओळख, सगळे यथासांग होते. खऱ्या कंपन्यांनी तिच्यासाठी खास जाहिरातीही दिल्या होत्या. बोडोनी ही राजधानी आणि जनरल पायका हे राष्ट्रप्रमुख, अशी सगळी नावे मुद्रणकलेतल्या शब्दांवरून घेतलेली होती, म्हणून जाणकाराला खूण पटत होती. तरी पुष्कळ वाचक फसले आणि कार्यालयात दूरध्वनी येत राहिले. त्या पुरवणीवर निदान तारीख होती आणि ती एका अंकाचा भाग होती. आज एखाद्या पानाचे छायाचित्र तारीख, संदर्भ आणि तुमचे नाव मागे टाकून फिरते, आणि घाबरवणारी बातमी असेल तर वेगाने फिरते.

म्हणून खूण कागदाच्या आतच असू द्या. प्रत्येक पानाच्या मजकुरामधून, कापून टाकता येणार नाही अशा जागी, "काल्पनिक देश, काल्पनिक वृत्तपत्र" असे स्पष्ट छापा. त्याने रसभंग होत नाही, कारण वाचकाला देश काल्पनिक आहे हे ठाऊक असूनच तो त्यात शिरतो. खऱ्या वृत्तपत्रांची नाममुद्रा, खऱ्या देशांचे ध्वज, हयात व्यक्तींची नावे किंवा चेहरे वापरू नका. दंगल, साथ, बँक बुडणे, युद्ध सुरू होणे, अशा बातम्यांची पाने सुटी पाठवू नका. ती संपूर्ण अंकाबरोबरच द्या. आणि जे पान पुढे गेले, त्याविषयी मित्राला सांगून, ज्यांनी ते खरे मानले त्यांच्यापर्यंत खुलासा पोहोचवा. त्यांच्यापैकी एखाद्याने उलट विचारले की या देशाची आणखी पाने आहेत का, तर त्याला संपातल्या त्या आठवड्याचा एकत्रित अंक पाठवा, शब्दकोड्यासह.

आपली,
सदरलेखिका